एडीसीचं रीडिंग नाचतंय आणि बॅटरीही उतरतेय: एकाच पिनवरची दोन दुखणी

तक्रार साधारण अशी असते. एटीमेगा ३२८पी किंवा त्याच्या जातकुळीतला मायक्रोकंट्रोलर, त्यातला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), एक १८६५० ली-आयन सेल, बॅटरीचा व्होल्टेज मोजायला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडी), एखादा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर), आणि मिनिटाला एकदा जागं होऊन रीडिंग पाठवणारा प्रोग्राम. टेबलावर सगळं नीट चालतं. शेतात, गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीवर नेऊन लावलं की रीडिंग दहा-पंधरा काउंट (एडीसीच्या आकड्याच्या पायऱ्या) वरखाली व्हायला लागतं. आणि वर्षभर पुरेल म्हणून लावलेला सेल काही महिन्यांतच मान टाकतो.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. रीडिंग नाचतंय? रेझिस्टर कमी करा. बॅटरी उतरतेय? रेझिस्टर वाढवा. बिचारा माणूस सोल्डरिंग आयर्न घेऊन एकदा इकडे, एकदा तिकडे.

हळू बदलणारी गोष्ट मोजायची असेल तर हे भांडण बहुतेक वेळा लटकं असतं. जमिनीतला ओलावा, टाकीचं तापमान, सेलचा व्होल्टेज यांतलं काहीच एका सेकंदात बदलत नाही. म्हणजे आपल्याकडे वेळ मुबलक आहे. तो नीट वापरला तर नॉइज आणि करंट दोन्ही एकदमच खाली येतात. पैसा लागतो तो एका १०० नॅनोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरला.

एक गोष्ट आधीच उरकून घेऊ. बोर्डावर एएमएस १११७ रेग्युलेटर (सेलचा व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप) असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, आधी तो काढा. तो एकटाच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल तीन आठवड्यांत संपतो, मायक्रोकंट्रोलर कितीही गाढ झोपवला तरी. एमसीपी १७०० सारखा रेग्युलेटर त्याच कामाला दोन मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो.

पुढचे सगळे हिशेब ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झ आणि १२५ किलोहर्ट्झच्या एडीसी क्लॉकचे आहेत. रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तुलना करून एडीसी मोजतो तो) चिपच्या आतला १.१ व्होल्टचा धरला आहे, म्हणजे एक काउंट साधारण १.०७ मिलिव्होल्टचा.

नाचणारं प्रत्येक रीडिंग नॉइज नसतं

बरेच जण पहिली चाचणी करतात ती अशी: पिन ग्राउंडला जोडायची, रीडिंग शून्य आलं की एडीसी निर्दोष. ही चाचणी फसवी आहे. एडीसीला शून्याच्या खाली मोजता येत नाही, त्यामुळे खालच्या बाजूचा सगळा नॉइज तिथेच छाटला जातो. ऑफसेट (शून्यातली कायमची चूक) जरासा उलट दिशेला असला तर वरच्या बाजूचाही दिसत नाही. पट्टीच्या टोकाला नव्हे, मधे कुठेतरी मोजायला हवं.

त्यासाठी साधा दीड व्होल्टचा अल्कलाइन पेन्सिल सेल घ्या. ऋण टोक ग्राउंडला, धन टोक १ किलोओहममधून पिनला, आणि या चाचणीपुरता रेफरन्स ३.३ व्होल्टचा. रीडिंग ४६५ च्या आसपास यायला हवं, कोरा सेल असेल तर थोडं वर. अशा सेलइतका शांत व्होल्टेज घरात दुसरा सापडणार नाही. हजारभर रीडिंग घ्या आणि कोणता आकडा किती वेळा आला याचा आलेख काढा. सगळे आकडे एक-दोन काउंटांत मावले तर कन्व्हर्टर, सप्लाय आणि ग्राउंड ठीक आहेत. दोष इनपुट सर्किटमध्ये आहे. सेलवरही पसारा दिसला तर इनपुट सर्किटला हात लावू नका, दोष सप्लाय किंवा रेफरन्सकडे आहे.

आता मूळ सर्किट परत जोडून तोच आलेख काढा आणि त्याचा आकार पाहा. मधे एक उंचवटा आणि दोन्हीकडे उतरता उतार असेल तर तो खरा, यादृच्छिक नॉइज. दहा बिटांच्या एडीसीवर तो त्रास देण्याइतका क्वचितच असतो. दोन वेगळे ढीग दिसले तर काहीतरी चालू-बंद होतंय किंवा व्होल्टेज स्थिर व्हायच्या आतच मोजला जातोय. मधे खड्डा आणि दोन्ही कडा उंच असतील तर ती साइन वेव्ह आहे, आणि आपल्या देशात ती जवळपास नेहमी ५० हर्ट्झची असते. आकडे एकमेकांजवळ आहेत पण दुपारी सगळेच सरकतात, तर गळती किंवा रेफरन्सचं तापमान.

आणखी दोन झटपट कसोट्या आहेत. एकाच चॅनेलची (इनपुट पिनची) लागोपाठ पाच रीडिंग घ्या. पहिलं बाकी चारांपेक्षा सतत वेगळं येत असेल तर तो नॉइज नाहीच. आणि लॅपटॉपला यूएसबीने जोडून तपासत असाल तर लॅपटॉपचा चार्जर प्लगमधून काढून बघा. चार्जरमधून होणाऱ्या गळतीमुळे सगळं सर्किटच मेनच्या तालावर डोलत असतं. कित्येक ‘नॉइज’ एवढ्यावरच नाहीसे होतात.

डेटाशीटमधला तो १० किलोओहमचा सल्ला

एटीमेगाचं डेटाशीट सांगतं की एडीसी १० किलोओहम किंवा त्याहून कमी इंपीडन्सच्या (करंटच्या वाटेतल्या अडथळ्याच्या) स्रोतासाठी बनवलेला आहे. हे अक्षरशः पाळायचं म्हणून लोक ३३ किलोओहम आणि १० किलोओहमचा डिव्हायडर लावतात. दोन्ही समांतर धरले तर ७.७ किलोओहम, नियमात बसलं. पण ४.२ व्होल्टवर त्यातून अहोरात्र ९८ मायक्रोअँपिअर वाहतात. वर्षाचे झाले ८५६ मिलिअँपिअर-तास. वॉचडॉग (ठरावीक वेळाने जागं करणारा टायमर) चालू ठेवून पॉवर-डाउनमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, गेलेला हाच मायक्रोकंट्रोलर ३ व्होल्टला साधारण ४.२ मायक्रोअँपिअर घेतो. म्हणजे ज्याला झोपवण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्या तेवीसपट करंट दोन रेझिस्टर खाताहेत, आणि तेही मिनिटातून एकदा, काही मिलिसेकंद उपयोगी पडण्यासाठी.

हा नियम आला कुठून ते कळलं की तो कुठे मोडता येतो तेही कळतं. एडीसीच्या आत १४ पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असतो. मोजायच्या वेळी तो पिनला जोडला जातो, व्होल्टेज उचलतो आणि तुटतो. नेहमीच्या रीडिंगमध्ये त्याला दीड क्लॉक मिळतं, १२५ किलोहर्ट्झवर १२ मायक्रोसेकंद. दहा बिटांना अर्ध्या काउंटच्या आत पोचायला ७.६ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) लागतात. बारा बिटांना ९, सोळा बिटांना जवळपास १२. स्रोत १० किलोओहमचा असेल तर टाइम कॉन्स्टंट ०.१४ मायक्रोसेकंद, वेळ भरपूर. तोच २३१ किलोओहमचा केला तर ३.२ मायक्रोसेकंद, मिळालेल्या वेळात चारही टाइम कॉन्स्टंट भरत नाहीत, आणि २.४ टक्के फरक शिल्लक राहतो.

फरक कशापासून? तर त्या छोट्या कपॅसिटरवर आधी जो व्होल्टेज होता त्यापासून. म्हणूनच थर्मिस्टर गरम केला की बॅटरीचं रीडिंग हलतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण एकामागून एक वाचले जातात. आलेखावरचे दोन ढीग बहुधा इथूनच येतात.

उपाय म्हणून पिन आणि ग्राउंडच्या मधे, पिनच्या अगदी जवळ, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा. आता आतला छोटा कपॅसिटर आपला व्होल्टेज रेझिस्टरमधून न घेता या मोठ्या कपॅसिटरमधून घेतो. हौदातून तांब्याभर पाणी काढल्याने पातळी हलत नाही, तसं. १४ पिकोफॅरडला १०० नॅनोफॅरडने भागलं तर ०.०१४ टक्के, १.१ व्होल्टवर ०.१५ मिलिव्होल्ट, एका काउंटचा सातवा हिस्सा. ठोकताळा असा: बाहेरचा कपॅसिटर आतल्याच्या किमान २०४८ पट, दहा बिटांसाठी. बारा बिटांना ८१९२ पट. आतला ८ पिकोफॅरडचा असेल, जसा एसटीएम ३२ एफ १०३ मध्ये असतो, तर बारा बिटांनाही १०० नॅनोफॅरड पुरतो.

एवढं झालं की डिव्हायडर मोकळेपणाने मोठा करता येतो. मी १ मेगाओहम आणि ३०० किलोओहम पसंत करतो, समांतर धरले तर तेच २३१ किलोओहम. ४.२ व्होल्टचे ०.९७ होतात, त्यामुळे एखाद्या चिपचा रेफरन्स १.१ ऐवजी १.० निघाला, आणि डेटाशीटप्रमाणे तो १.० ते १.२ मधे कुठेही असू शकतो, तरी रीडिंग छताला टेकत नाही. करंट ३.२ मायक्रोअँपिअर, वर्षाला २८ मिलिअँपिअर-तास. ८५६ चे २८.

किंमत एवढीच की हा १०० नॅनोफॅरड २३१ किलोओहममधून भरायला वेळ लागतो: टाइम कॉन्स्टंट २३ मिलिसेकंद, पूर्ण स्थिर व्हायला १७५. मिनिटाला एक रीडिंग घेणाऱ्याला याचं काय?

पण इथे एक खाच आहे, आणि ‘कपॅसिटर लावला तरी चूक येतेय’ ही तक्रार हमखास तिथली असते. दर वेळी काढलेला तांब्या परत भरायला हवा. एडीसी सतत फिरता ठेवून चॅनेल बदलत राहिलात तर दर फेरीला थोडा चार्ज जातो आणि हौदाची सरासरी पातळीच खाली किंवा वर सरकते. असा आतला कपॅसिटर एका भागिले वारंवारिता गुणिले कपॅसिटन्स इतक्या रेझिस्टरसारखा वागतो. ८ पिकोफॅरड, सेकंदाला एक लाख वेळा, म्हणजे १.२५ मेगाओहम. तुमचा स्रोत २३१ किलोओहमचा असेल तर वाईटात वाईट चूक पंधरा टक्क्यांवर जाते. गंमत म्हणजे हे रीडिंग नाचत नाही. स्थिर, शांत आणि चुकीचं येतं, म्हणून पकडायला सर्वांत अवघड. डीएमए (सीपीयूला न अडवता आकडे मेमरीत नेणारी सोय) लावून सगळे चॅनेल पूर्ण वेगाने फिरवणाऱ्यांनी वेग कमी करून पाहावा. वेग निम्मा केल्यावर आकडा बदलला तर हाच रोग.

कपॅसिटर कोणता? एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक चालतो. इलेक्ट्रोलिटिक मुळीच नको. त्याची गळती डेटाशीटात ३ मायक्रोअँपिअरपर्यंत दिलेली असते. आपल्या डिव्हायडरमधून एकूण वाहतातच ३.२. ‘मोठा लावला तर अजून शांत होईल’ म्हणून कोणी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावतो, आणि मग सेल उतरल्याचा भास होतो.

मोठ्या रेझिस्टरचा स्वतःचा नॉइज वाढतो, ही भीतीही इथेच काढून टाकू. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये रेझिस्टरच्या उष्णतेतून येणारा नॉइज मांडला तेव्हापासून हे खरं आहे की रेझिस्टर मोठा तर तो नॉइजही मोठा. पण समांतर कपॅसिटर लावला की रेझिस्टर जितका मोठा तितकी बँडविड्थ लहान होते, आणि हिशेबातून रेझिस्टर निघून जातो. उरतो फक्त कपॅसिटर आणि तापमान. १०० नॅनोफॅरडवर तो ०.२ मायक्रोव्होल्ट आहे. आपला काउंट १०७० मायक्रोव्होल्टचा. सोडून द्या.

याहून मोठा डिव्हायडर का नको, ३.३ मेगाओहमचा? लावता येतो, पण मग गळती बोलायला लागते. पिनची गळती डेटाशीटात कमाल १ मायक्रोअँपिअर लिहिलेली असते. खोलीच्या तापमानाला प्रत्यक्षात ती फारच कमी असते, पण दर दहा अंशांना साधारण दुप्पट होत जाते, आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या बंद डब्यातलं तापमान तुम्ही जाणताच. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात आणखी एक भर: बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स ओलावा धरतो. बॅटरीची रेघ आणि एडीसीची पिन यांच्या मधे ओलाव्याने १०० मेगाओहमचा जरी रस्ता तयार झाला, तरी २३१ किलोओहमच्या सर्किटमध्ये ७ काउंट वाढतात. तिप्पट मोठ्या डिव्हायडरमध्ये वीसच्या वर. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळू द्या, वर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा थर) मारा. ते करायचं नसेल तर ३३० आणि १०० किलोओहम लावा आणि वर्षाला ८६ मिलिअँपिअर-तास देऊन शांत झोपा.

मोटर सुरू झाली की रीडिंग बिघडतं

शेतातल्या बोर्डांची ही खास तक्रार. कृषी फीडरला वीज असते तेव्हा रीडिंग थरथरतं, वीज गेली की शांत. मेनची तार आणि आपली पिन यांच्यात एक पिकोफॅरड जरी कपॅसिटन्स असला तरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ७२ नॅनोअँपिअर आत येतात. ऐकायला काहीच नाही. पण २३१ किलोओहममध्ये त्याचे १६.७ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे सोळा काउंट, तेही आरएमएस, म्हणजे लाटेची टोकं याच्याही वर. रेझिस्टर मोठा केल्याची खरी शिक्षा ही आहे. उष्णतेचा नॉइज नव्हे.

वरचा १०० नॅनोफॅरड इथेही कामाला येतो. २३ मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटचा फिल्टर ५० हर्ट्झला सातपटीने दाबतो, सोळाचे दोन-सव्वादोन काउंट उरतात. उरलेलं सरासरीने काढायचं, पण कशाची सरासरी ते महत्त्वाचं. नुसती दहा-वीस रीडिंग घाईघाईने घेतली तर ती सगळी ५० हर्ट्झच्या एकाच लाटेच्या एका तुकड्यावर पडतात. सरासरी दर वेळी वेगळी. सरासरीची खिडकी बरोबर २० मिलिसेकंदांची किंवा तिच्या पटीतली हवी, म्हणजे लाटेचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. एटीमेगात एका रीडिंगला १३ क्लॉक, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद लागतात. १९२ रीडिंग फ्री-रनिंगमध्ये (एक संपलं की पुढचं आपोआप सुरू) लागोपाठ घेतली की १९.९७ मिलिसेकंद होतात. १९२ हा आकडा विचित्र दिसतो म्हणून कोणी तो १२८ किंवा २५६ करू नये. अर्डुइनोचं नेहमीचं अ‍ॅनलॉग रीड वापरलं तर मधे थोडा वेळ वाया जातो, तेव्हा रीडिंग मोजण्यापेक्षा २० मिलिसेकंद मोजा. अमेरिकेत बसवायचा बोर्ड असेल तर १०० मिलिसेकंदांची खिडकी ५० आणि ६० दोन्हींना चालते.

आता कोणी म्हणेल, १९२ रीडिंग म्हणजे बॅटरीची वाट. करून बघा हिशेब. जागा असताना मायक्रोकंट्रोलर ४ मिलिअँपिअर घेतो असं धरा, २० मिलिसेकंद, मिनिटातून एकदा: सरासरी १.३ मायक्रोअँपिअर. ६४ रीडिंगची सरासरी घेणाऱ्याला अर्धा मायक्रोअँपिअरसुद्धा लागत नाही. थोडा वेळ जास्त करंट घेणं स्वस्त पडतं, महाग पडतो तो सतत वाहणारा थोडा करंट. बॅटरीवरच्या सर्किटमध्ये हाच हिशेब सर्वांत जास्त वेळा उलटा केला जातो.

शिवाय एटीमेगात एडीसी नॉइज रिडक्शन नावाचा स्लीप मोड आहे. रीडिंग चालू असताना सीपीयू झोपतो. त्याची खडखड रीडिंगमध्ये येत नाही आणि करंटही वाचतो. फुकट आहे, वापरा.

रेफरन्स बदलल्यावरचं पहिलं रीडिंग

थर्मिस्टर ३.३ व्होल्टच्या रेफरन्सवर वाचायचा आणि बॅटरी १.१ च्या, ही पद्धत योग्य आहे, पण एरेफ या रेफरन्सच्या पिनवरही १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि तो आतल्या ३२ किलोओहममधूनच रिकामा होतो. टाइम कॉन्स्टंट ३.२ मिलिसेकंद. ३.३ वरून १.१ वर अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत यायला २७ मिलिसेकंद लागतात. ‘पहिलं रीडिंग टाकून द्या’ हा प्रसिद्ध सल्ला इथे पुरत नाही. पहिली अडीचशे टाकावी लागतील. रेफरन्स बदला, तीस मिलिसेकंद झोपा, मग मोजा.

ईएसपी ३२ वाल्यांसाठी दोन ओळी. त्याचा आतला रेफरन्सही चिपगणिक १००० ते १२०० मिलिव्होल्टच्या मधे कुठेही असतो, त्यामुळे दोन बोर्डांचे आकडे जुळत नाहीत याचं नवल नको, कॅलिब्रेशन वापरा. वाय-फाय चालू असताना दुसरा एडीसी वापरता येत नाही, आणि पहिल्यावरही रेडिओच्या प्रत्येक झटक्याला सप्लाय हलतो. आधी मोजा, मग वाय-फाय सुरू करा.

सेन्सरला वीज मोजण्यापुरतीच

१० किलोओहमचा थर्मिस्टर १० किलोओहमच्या जोडीला ३.३ व्होल्टवर कायम जोडून ठेवला तर १६५ मायक्रोअँपिअर, वर्षाला १४४५ मिलिअँपिअर-तास. वरचं टोक सरळ एका डिजिटल पिनला जोडा. मोजण्याआधी पिन हाय, मोजून झालं की लो. रेफरन्स म्हणून एव्हीसीसी, म्हणजे एडीसीचा सप्लायच, घ्या. म्हणजे सप्लाय थोडा हलला तरी सेन्सरचा व्होल्टेज आणि रेफरन्स दोन्ही एकत्र हलतात आणि भागाकार तोच राहतो. दहा मिलिसेकंद पिन चालू ठेवली तरी सरासरी करंट ०.०३ मायक्रोअँपिअरच्या आत.

मात्र इथे मोठा कपॅसिटर उलटा पडतो. डिव्हायडरवर कपॅसिटर कायम भरलेला असतो, म्हणून तो कितीही मोठा असला तरी चालतं. इथे तो दर वेळी शून्यापासून भरायचा आहे. १०० नॅनोफॅरड आणि ५ किलोओहम: चार मिलिसेकंदांत स्थिर. १० मायक्रोफॅरड लावलात तर ३८० मिलिसेकंद थांबावं लागेल, आणि दहा मिलिसेकंदांनी मोजणारा जुना प्रोग्राम तसाच ठेवलात तर थर्मिस्टर बर्फात आहे की उकळत्या पाण्यात हेच कळणार नाही.

हीच युक्ती बॅटरीच्या डिव्हायडरवर करताना लोक खालचं टोक ग्राउंडऐवजी डिजिटल पिनला जोडतात आणि झोपताना ती पिन इनपुट करतात. नको. मग एडीसीची पिन वरच्या रेझिस्टरमधून थेट ४.२ व्होल्टला लटकते आणि करंट पिनच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून ३.३ च्या रेघेत शिरतो. वरच्या बाजूला पी-चॅनेल मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) लावायचा तर त्याचा गेट थेट ३.३ व्होल्टच्या पिनने बंद होईल याची खात्री नसते: सोर्स ४.२ वर, गेट ३.३ वर, ०.९ व्होल्टचा फरक, आणि एओ ३४०१ए या मॉसफेटचा थ्रेशोल्ड (ज्या फरकाला तो चालू व्हायला लागतो) ०.५ पासून सुरू होतो. एक जादा ट्रान्झिस्टर लागतो. तीन मायक्रोअँपिअर वाचवायला दोन ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर? मला तो सौदा पटत नाही.

त्यापेक्षा एटीमेगा सरळ सेलवरच चालवा. तो १.८ ते ५.५ व्होल्टवर चालतो, ३ व्होल्टला ८ मेगाहर्ट्झ त्याला झेपतं. मग डिव्हायडरच नको. रेफरन्स एव्हीसीसी ठेवून आतला १.१ व्होल्टचा रेफरन्सच मोजायचा. बॅटरी उतरेल तसा आकडा वाढतो. ४.२ व्होल्टला २६८, ३.० व्होल्टला ३७५. मधल्या पट्ट्यात एक काउंट साधारण १२ मिलिव्होल्टचा पडतो, सेल कधी बदलायचा हे ठरवायला पुष्कळ झाला. चॅनेल निवडल्यावर एक-दोन मिलिसेकंद थांबायचं, आणि चिपचा खरा १.१ किती आहे ते एकदा मल्टिमीटरने तपासून प्रोग्राममध्ये लिहायचं. पिन नाही म्हणून ५० हर्ट्झ शिरायला दार नाही, आणि कायमचा करंट शून्य.

‘बफर लावा’

डिव्हायडर आणि एडीसीच्या मधे ऑप-अँपचा बफर (व्होल्टेज तोच ठेवून करंट पुरवणारा) बसवा, हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो. एमसीपी ६००१ हा ऑप-अँप लावला तर तो सतत १०० मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे ३३ आणि १० किलोओहमचा डिव्हायडर परत आणल्यासारखंच. एमसीपी ६०४१ ला ०.६ मायक्रोअँपिअर पुरतो. त्या बदल्यात वेग १४ किलोहर्ट्झवर येतो आणि नॉइज सहापट होतो, जो दहा बिटांवर दिसणारही नाही. पण तो एवढा मंद आहे की एडीसीचा झटका त्याला सावरता येत नाही, म्हणून पिनवर कपॅसिटर लागतोच. आणि कपॅसिटर थेट आउटपुटला टेकवला तर ऑप-अँप डोलायला लागू शकतो, म्हणून मधे काही किलोओहमचा रेझिस्टर. एवढं करून आपण परत रेझिस्टर आणि कपॅसिटरवरच आलो. सिग्नल वाढवायचा असेल तर ऑप-अँप लावा. नुसत्या बफरसाठी या वेगाला गरज नाही. एलएम ३५८ तर ३.३ व्होल्टवर लावूच नका, त्याचा आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच अडतो.

जिथे वेळ देऊनही सुटका नाही अशी जागाही आहे. सोळा-अठरा बिटांच्या मापात, वजनकाट्यात, खरा उष्णतेचा नॉइज समोर येतो. तिथे नॉइज निम्मा करायचा तर ऊर्जा चौपट लागते. रीडिंग चौपट घ्या नाहीतर करंट चौपट द्या, हिशेब तोच. पण तिथेही आधी कोण किती खातं ते बघा. वजनकाट्यातला एडीसी एचएक्स ७११ चालू असताना दीड मिलिअँपिअरच्या आत असतो आणि बंद केला की एक मायक्रोअँपिअरच्या आत. त्याला जोडलेला ३५० ओहमचा लोडसेल (वजनाचा सेन्सर) ३.३ व्होल्टवर ९.४ मिलिअँपिअर ओढतो. झोपवायचा तर लोडसेलचा सप्लाय तोडा. परत चालू केल्यावर सेकंदाला दहा रीडिंगच्या वेगात स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद द्या. तोच हळू वेग ५० हर्ट्झही गाळतो, म्हणून सेकंदाला ८० चा मोह टाळा.

झोपायच्या आधी, आणि मोजताना

एटीमेगा पॉवर-डाउनमध्ये गेला तरी एडीसी आपोआप बंद होत नाही, त्याचा एनेबल बिट स्वतः शून्य करावा लागतो. अ‍ॅनलॉग पिनांचे डिजिटल बफर (पिन हाय की लो ते वाचणारे भाग) डीआयडीआर रजिस्टरने कायमचे बंद ठेवा: पिनवर सप्लायच्या निम्म्या आसपास व्होल्टेज असेल तर तो बफर अर्धवट उघडा राहून नाहक करंट ओढतो. आणि अ‍ॅनलॉग पिनवर आतला पुल-अप (पिन सप्लायला जोडणारा रेझिस्टर) चुकून चालू राहिलेला नाही ना ते पाहा; तो रीडिंगही बिघडवतो आणि करंटही खातो.

हे सगळं जमलं का ते मल्टिमीटरवर तपासताना एक अडचण येते. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये बऱ्याच मीटरवर दर मायक्रोअँपिअरला ०.१ मिलिव्होल्ट पडतो. झोपेत काही बिघडत नाही, पण बोर्ड जागा होऊन ४ मिलिअँपिअर मागतो तेव्हा मीटरमध्येच ०.४ व्होल्ट जातात, रेडिओ सुरू झाला तर त्याहून कितीतरी जास्त, आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. मग मीटरवर कधी जास्त, कधी कमी करंट दिसतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. मीटरच्या दोन टोकांना समांतर एक जंपर लावा, बोर्ड सुरू होऊन झोपला की जंपर काढा, आकडा वाचा, आणि पुढची जाग यायच्या आत जंपर परत लावा.